चावी फिरवण्याआधीची दहा मिनिटं

छावणीचा गुरुवारचा बाजार भरण्याआधीच पहिल्या पाळीच्या बसगाड्या नगर नाका ओलांडून वाळूजकडे निघालेल्या असतात. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला, त्याच्या आगेमागे सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने उभे राहिले आणि छावणी-पडेगावातल्या कितीतरी घरांचा दिवस पाळीच्या वेळेवर चालू लागला. या बसमध्ये फिटर असतो, वेल्डर असतो आणि फोर्कलिफ्टचा मेकॅनिकही असतो. फोर्कलिफ्ट बंद पडली तरच त्याची आठवण होते. त्याचं खरं काम मात्र ती चालू असताना, पाळी सुरू होण्याआधी उरकायचं असतं.

मुरलेला मेकॅनिक मशीनच्या आधी मशीनखालची फरशी बघतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली काळा डाग असेल तर इंजिन ऑइल, फिकट पिवळसर असेल तर बहुधा हायड्रॉलिकचं तेल. मग चाकांच्या मधोमध नजर जाते. खोक्यांच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि पॅलेटला गुंडाळलेली फिल्म जमिनीवर पडते, हबभोवती आवळत जाते आणि एक दिवस ऑइल सील कापते. मग तेल ब्रेक लायनरवर उतरतं. ब्रेक लागत नसल्याची तक्रार येते, मूळ मात्र कुणीतरी खाली टाकलेल्या पट्टीत असतं.

हायड्रॉलिक होजला टाचणीएवढं छिद्र पडलं असेल, तर ते बोटानं चाचपायचं नाही. दाबाखालची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टिंबाएवढी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरायचा, धार त्यावर उमटते. मास्टखाली, म्हणजे फोर्क वरखाली नेणाऱ्या उभ्या चौकटीखाली, काम करायचं तर फोर्क जमिनीला टेकवूनच. वर ठेवणं भागच असेल तर मास्टला आधी भक्कम आधार हवा.

डोळ्यांना न दिसणारी झीज मोजावी लागते. फोर्क सगळ्यात जास्त झिजतो तो टाचेला, म्हणजे आडवा भाग उभ्याला मिळतो तिथे. फरशीला घासून घासून 40 मिलिमीटरची जाडी 36 वर आली की तो बदलायचा. झीज दहा टक्क्यांचीच, पण ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे वजन पेलण्याची क्षमता जवळपास पाचव्या हिश्शाने गेली. चेनचंही तसंच. पाऊण इंची पिचच्या नव्या चेनचे 16 पिच 304.8 मिलिमीटर भरतात. ते 314 भरू लागले, म्हणजे चेन तीन टक्के ताणली गेली. मग ग्रीस मारून भागत नाही, चेन उतरवावीच लागते.

बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टला डिझेल लागत नाही, पाणी लागतं. 48 व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत 24 सेल. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्यांतलं पाणी झपाट्याने आटतं. प्लेटा उघड्या पडू द्यायच्या नाहीत, पण ठरलेल्या पातळीपर्यंत पाणी चार्जिंग झाल्यावरच भरायचं, तेही डिस्टिल्ड वॉटरच. आधी भरलं तर चार्जिंगमध्ये अ‍ॅसिड फुगून बाहेर येतं. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं की एक ठिणगी पुरते. म्हणून खिडक्या उघड्या, बिडी बंद आणि बॅटरीवर पाना ठेवायचा नाही.

तीन टनांची फोर्कलिफ्ट स्वतः चार टनांहून जड असते, तरी ती उलटते. मागचा अ‍ॅक्सल मधोमध एकाच जागी जोडलेला असल्यामुळे चार चाकांची ही गाडी प्रत्यक्षात तीन बिंदूंवर उभी असते. लोड वर ठेवून वळण घेतलं की तोल त्या त्रिकोणाबाहेर जातो. त्यासाठीच फोर्क जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवून चालवायची. गाडी कलंडताना माणूस उडी मारायला बघतो आणि डोक्यावरच्या पिंजऱ्याखाली सापडतो. जागेवर बसून, पाय रोवून, पडत्या बाजूच्या उलट झुकणाराच वाचण्याची शक्यता जास्त. त्यामुळे सीटबेल्टचं तुटलं बक्कल बदलणं हेही ब्रेकइतकंच तातडीचं काम ठरतं.

हे सगळं चेकलिस्टवर छापलेलं असतं. अडचण पुढे आहे. महिनाभराचे कागद काढून पाहिले तर पुष्कळदा सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या दिसतात. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 29व्या कलमात उचलयंत्रांची आणि चेनची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी सांगितली होती. अमेरिकेचा नियम फोर्कलिफ्ट रोज तपासायला सांगतो, आणि ती चोवीस तास चालत असेल तर प्रत्येक पाळीनंतर. वार्षिक दाखला फायलीत लागतो. सील मात्र फायलीची वाट बघत नाही.

4 मार्चला सुरक्षा सप्ताह सुरू होतो, फलक लागतात, शपथ होते. त्या आठवड्यात व्यवस्थापकांनी आणखी एक काम करावं: फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या ऑपरेटरला तपासणीची दहा मिनिटं पाळीच्या वेळेतच द्यावीत, आणि दोष आढळला तर चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवण्याचा अधिकार लेखी द्यावा. ट्रक गेटवर खोळंबला असताना हा अधिकार त्याने वापरला, तर त्याच्यावर कुणी ओरडू नये.