लायसन्स कुठलं? एमएच ४८!

विरार लोकलच्या दारात एका हाताने लटकणं आपल्याला सहज जमतं, पण क्लच सोडायची वेळ आली की पाय लटपटतात! वसई-विरारकर पिढीचं हे असंच आहे. कॉलेज लोकलने, नोकरी लोकलने, स्टेशन ते घर शेअर रिक्षाने. गाडी शिकायची गरजच पडत नाही. मग आई-बाबा साठीला येतात आणि रात्री एक वाजता डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तर रिक्षा मिळेल का, असा प्रश्न पडायला लागतो. मी अठ्ठाविसाव्या वर्षी स्टिअरिंग हातात घेतलं ते याच प्रश्नामुळे.

लर्निंग लायसन्सची मुदत सहा महिने. ३० दिवस झाले की पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. या काळात सगळ्यांचा एकच सवाल, ‘टेस्ट कुठे देऊ? कुठे पटकन होतं?’ पर्याय खरंच आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने राज्यातल्या कुठल्याही परवाना कार्यालयात अर्ज करायची मुभा दिली आहे. अंधेरीचं एमएच ०२, बोरिवलीचं एमएच ४७, खाडीपलीकडचं ठाण्याचं एमएच ०४ आणि आपलं एमएच ४८. लायसन्स कुठूनही काढा, देशभर चालतं.

पहिला हिशोब रजेचा. नापास झालात तर पुन्हा टेस्टसाठी सात दिवस थांबा, तिसऱ्यांदाही गेलं तर ६० दिवस! त्यामुळे ऑफिसजवळ अंधेरीत, हाफ डे टाकून टेस्ट द्यायचा फंडा आकर्षक वाटतो. पण गाडीचं काय? टेस्टला गाडी बहुतेक वेळा ट्रेनिंग स्कूलचीच असते. स्कूल वसईत आणि टेस्ट अंधेरीत, म्हणजे त्या गाडीची वरात हायवेवरून न्यायची.

दुसरा हिशोब रस्त्याचा, आणि माझा निर्णय त्यावरच झाला. पश्चिमेला निर्मळ, नंदाखाल, आगाशीचे अरुंद वळणदार रस्ते. समोरून बस आली की रिव्हर्स घ्यावाच लागतो. टेस्टमध्ये तरी वेगळं काय बघतात? अरुंद जागेत नीट रिव्हर्स घेणं. चढावर थांबून, गाडी मागे न घसरता पुन्हा निघणं. हे दुसरं शिकायला संध्याकाळी सातला पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या फ्लायओव्हरवर जा, मागचा रिक्षावालाच परीक्षा घेतो!

पूर्वेला मुंबई-अहमदाबाद हायवे. गंमत म्हणजे त्याचाही नंबर ४८. पण तिथले कंटेनर आणि ट्रेलर गंमत करत नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ ला याच हायवेवर, आपल्याच पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. बाबांना घेऊन मला याच रस्त्यांवर निघायचं आहे. मग तयारीही इथेच करावी आणि टेस्टही इथेच द्यावी, नाही का?

तिसराही पर्याय आहे. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरचे नियम लागू झाले. कारचा कोर्स २९ तासांचा, जास्तीत जास्त चार आठवड्यांत संपवायचा. तिथली टेस्ट पास झालात की आरटीओची टेस्ट माफ. असं सेंटर सोयीचं असेल तर जरूर विचार करा. नेहमीच्या स्कूलच्या धावत्या फेऱ्यांपेक्षा २९ तास नक्कीच भारी.

मी एमएच ४८ निवडलं. नाव वसई आरटीओ, पण ऑफिस विरार पूर्वेला, चंदनसारला! म्हणून एक टिप : टेस्ट नेमकी कुठे, ते अपॉइंटमेंटच्या कागदावर वाचूनच रिक्षात बसा. लर्निंग लायसन्स बरोबर ठेवा. आदल्या आठवड्यात एक पूर्ण सकाळ फक्त रिव्हर्सला द्या.

पास झाले. अंधेरीला अजूनही लोकलनेच जाते, तो ट्रॅफिक कोण सहन करणार? पण रात्री रिक्षा मिळेल का, याचं टेन्शन आता घरात कुणाला नाही. तुमचाही विचार चालू असेल तर मित्रांना ‘टेस्ट कुठे सोपी’ विचारत बसू नका. लायसन्स मिळाल्यावर गाडी कुठे काढणार आहात ते ठरवा, जवळची टेस्ट तिथेच घ्या. आणि हो, मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट लावायला सांगा!