मदरबोर्ड बदलला अन् पाठ बंद पडले



गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातल्या कितीतरी शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. आमच्या गावानेही तेंदूपत्त्याच्या हंगामातल्या मजुरीतून पैसे काढून दिले. त्यातून टीव्ही, संगणक आणि पाठांचे सॉफ्टवेअर आले. पुढच्या पावसाळ्यात वीज कडाडली आणि मदरबोर्ड जळला. मेकॅनिकने नवा टाकला, संगणक सुरू झाला, पण पाठ उघडेनात. पडद्यावर एकच ओळ: लायसन्स या संगणकासाठी नाही. दुसरीतली पोरगी रोज विचारायची, "सर, टीव्ही कावून नाही लावत जी?"

असे का होते?

सॉफ्टवेअर बसवताना ते मदरबोर्ड, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड यांचे क्रमांक वाचते आणि त्यावरून एक मशीन कोड तयार करते. तो कंपनीला कळवला की त्याच कोडला जुळणारी की मिळते. पुढे सॉफ्टवेअर कोड पुन्हा काढून ताडून पाहते. जुळला नाही, की कुलूप. एक सीडी घेऊन दहा ठिकाणी टाकली जाऊ नये, हा हेतू रास्तच आहे. पाठ तयार करणाऱ्यांचेही पोट आहे.

पण कुलूप किती ताठर ठेवायचे, हे बनवणाऱ्याच्या हातात असते. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत असेच कुलूप होते. मात्र ते अनेक भाग तपासायचे आणि एखाद-दुसरा बदलला तर चालवून घ्यायचे. नेट नसेल तर फोनवरूनही काम व्हायचे. पोराने केस कापले म्हणून आपण त्याला वर्गाबाहेर काढतो का? बाकीच्या खुणांवरून ओळखतोच ना!

आपल्याकडे ही सवलत फारच गरजेची. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथल्या शाळेला 'ऑनलाइन या' म्हणून कसे चालेल? आमची नवी की यायलाच तीन आठवडे गेले. पैसे गावाने शाळेसाठी दिले होते, मदरबोर्डसाठी नव्हे.

खरेदीआधी हे विचारा

१. भाग बदलला तर नवी की फुकट मिळेल का? किती वेळा?
२. नेट नसताना, फोन किंवा एसएमएसवरून की मिळते का?
३. की येईपर्यंत काही दिवस पाठ चालू राहतील का?
४. कंपनी बंद पडली तर काय?

उत्तरे बिलावर लिहून घ्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवा. शिवाय पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपचे व्हिडिओ मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. ते नेट नसतानाही चालतात. कुलूप अडले तरी त्या दिवशीचा तास बुडणार नाही.