काळं पुसण्याआधी

चि. माऊ,



तुम्ही दोघं वाईचं ते जळलेलं घर पाहून आलात, फोटो पाठवलेस आणि खाली लिहिलंस, "आत्या, निम्म्या भावात मिळतंय. घेऊ का?" फोनवर हो-नाही सांगून मोकळं होण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहिते. अशा घरांच्या दुरुस्तीत माझी नोकरीची बरीच वर्षं गेली आणि अशी घरं वाचावीत असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच आधी सांगते, जळलेल्या घरात घातलेल्या पैशातला मोठा भाग कुणाला कधीच दिसत नाही. तो तुळईच्या पोटात, भिंतीच्या आत आणि कागदपत्रांत जातो. तेवढी तयारी असेल तरच पुढे जा.

फोटोत तुला भीती वाटली ती काळ्याठिक्कर कडीपाटाची. मला त्याची तितकीशी धास्ती नाही. जाड सागवान आगीत वरून कोळसा होत जातं, पण तोच कोळसा आतल्या लाकडाचं रक्षण करतो. लाकूड मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जळतं. म्हणजे अर्धा तास ज्वाळांत राहिलेल्या नऊ इंची तुळईचा गाभा शाबूत असू शकतो. सुताराकडून वाकसाने कोळसा तासून घ्यायचा, पिवळं लाकूड लागल्यावर आणखी थोडं काढायचं, आणि जे उरेल त्याचं माप घेऊन ते वरचा भार पेलेल का याचा हिशोब इंजिनिअरने करायचा. तुळईची भिंतीत गेलेली टोकं मात्र उघडून पाहायलाच हवीत. तिथे निखारा धुमसत राहतो आणि बाहेरून कळत नाही. माजघरात नंतर कुणीतरी टाकलेला लोखंडी गर्डर दिसतोय, त्याकडे नीट बघ. साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास लोखंडाची ताकद निम्म्यावर येते. तो मधोमध झुकला असेल तर बदलायचा, त्यावर वाद नको.

मला खरी काळजी आहे ती मागच्या स्लॅबच्या स्वयंपाकघराची. ते सगळ्यात कमी काळं झालंय आणि ठेकेदार म्हणतो, "प्लास्टर मारून पुट्टी फिरवली की नवं." असं म्हणणाऱ्याला काम देऊ नकोस. तीनशे अंशांच्या पुढे काँक्रीटची ताकद घटू लागते. काही ठिकाणी ते गुलाबीसर होतं आणि त्यावरून अंदाज बांधता येतो, पण आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या खडीत तो रंग उठून दिसेलच असं नाही. त्यामुळे नजरेवर विसंबू नकोस. सिमेंटमधला चुना पाचशे अंशांच्या आत-बाहेर फुटतो आणि पुढे हवेतला ओलावा पिऊन पुन्हा फुगतो, म्हणून काही भेगा आग विझल्यावर कित्येक आठवड्यांनी उमटतात. ऐंशीच्या दशकातलं काम, म्हणजे आत बहुधा पीळ दिलेली टोर सळई असणार. साधी सळई थंड झाल्यावर बरीचशी ताकद परत मिळवते. टोरची ताकद थंड अवस्थेत दिलेल्या पिळातून आलेली असते. सळई साडेचारशे अंशांपुढे तापली की ती ताकद परत येत नाही. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणी घे, काँक्रीटचे कोअर काढ, सळईचा तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठव. हा खर्च घर घेण्याआधी करायचा. विकणारा परवानगी देत नसेल तर तेच उत्तर समज.

आगीइतकंच नुकसान धूर आणि बंबाचं पाणी करतात. पीव्हीसीच्या वायरी जळल्या की धुरातून आम्ल सुटतं, ते काजळीबरोबर भिंतींवर बसतं आणि पुढे सळईपर्यंत पोचून गंज धरवतं. काजळी ओल्या फडक्याने पुसायला बायका लावू नकोस, ती चुन्यात आणखी मुरते. आधी कोरडी झाडून, ओढून काढायची, मग धुवायची. तशीच रंगवली तर पहिल्या पावसाळ्यात डाग वर येतो आणि जळका वास सगळ्या घरभर पसरतो. जाड विटांच्या चुन्यातल्या भिंती बंबाचं पाणी पिऊन बसल्यात, त्यांना वाळायला महिने लागतील. त्यावर सिमेंटचं प्लास्टर चढवलंत तर ओल आत कोंडेल. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा कर. वायरिंग मात्र मीटरपासून सगळं नवं. अर्थिंग नीट, आणि गळती होताच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा स्विच बसवल्याशिवाय आत राहायला जायचं नाही.

आता हिशोब. दुरुस्तीनंतर त्या घराला गावात जी किंमत येईल ती धर. त्यातून दुरुस्ती, मुद्रांक, नोंदणी, वकील आणि इंजिनिअर यांची फी आणि काम चालेल तितक्या महिन्यांचं व्याज वजा कर. दुरुस्तीच्या आकड्यावर आणखी चौथा हिस्सा न दिसलेल्या कामासाठी वेगळा काढ. उरलेली रक्कम ही तुमची कमाल किंमत. "निम्म्या भावात" या शब्दांत एक खाचही आहे. मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि रेडी रेकनरचा भाव यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. रेडी रेकनरचं मूल्य करारातल्या रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून आणि पन्नास हजारांहूनही जास्त असलं, तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून आयकरही लागतो. म्हणून नोंदणीकृत मूल्यांककाचा आगीनंतरचा अहवाल हाती ठेव आणि मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय करून घे.

कागदांत अग्निशमन दलाचा अहवाल, पोलीस पंचनामा, मालमत्ता पत्रक, तीस वर्षांचा शोध अहवाल आणि बँकेचा बोजा, इतकं पाहच. पुढच्या खोलीत जुने भाडेकरू होते म्हणतेस. खोली जळली म्हणून ते गेले असं समजू नकोस. इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. विम्याचा दावा झाला का हेही विचार. झाला नसेल तर तो कसा करायचा ते विकणाऱ्या कुटुंबाला तूच समजावून सांग, भले मग त्यांनी घर न विकायचं ठरवलं तरी.

हे शेवटचं मी मुद्दाम लिहिलं. आग लागलेल्या घरातली माणसं पहिल्या काही महिन्यांत कुठल्याही भावाला हो म्हणतात. डोक्यावर छप्पर नसतं, भाड्याची खोली असते, मुलांची शाळा असते. त्या अवस्थेत पाडून मागितलेला भाव मला सौदा वाटत नाही. चाचण्यांचे अहवाल त्यांच्यासमोर ठेव, वजाबाकी त्यांना दाखव आणि तिच्यातून जे निघेल ते द्या. राडारोडा उचलताना भांडी, देव, कागद, दागिना, जे सापडेल ते त्यांचं; तसं करारातच लिही.

घर उभं राहील का, असं तू विचारलंस. पुण्यातले दोन वाडे आठव. शनिवारवाडा १८२८ मध्ये सात दिवस जळत होता. राज्य गेलेलं, वाडा पुन्हा बांधणारं कुणी नव्हतं. आज तट, दरवाजे आणि जोती तेवढी दिसतात. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भाग १८७९ च्या आगीत गेला, तो लोकांनी वर्गणी काढून पुन्हा उभा केला आणि वाडा आजही नांदता आहे. घर वाचायला नेटाने खर्च करणारं आणि त्याचा वापर करणारं माणूस लागतं. तुम्ही ते घर रंगरंगोटी करून वर्षभरात तिसऱ्याच्या गळ्यात मारणार असाल तर माझा विरोध आहे, कारण त्या स्लॅबखाली उद्या कुणाचं तरी लेकरू झोपणार आहे. नीट दुरुस्त करून राहणार असाल, भाड्याने देणार असाल किंवा सगळे अहवाल हातात ठेवून विकणार असाल, तर घ्या. नफा थोडा कमी होईल, पण तो कुणाच्या जिवावर उठणार नाही.

जावईबापूंना हे पत्र वाचायला दे. चाचण्या ठरल्या की तारीख कळव. मी स्वतः येते. तोवर इसाराचा एक रुपयाही देऊ नका.

तुझी,
आत्या