किल्ल्यांचा दुसरा जोड

कर्ज बुडवणारा माणूस चेहऱ्यावरून ओळखता येतो, असा बँकेतल्या वीस-बावीस वर्षांच्या नोकरीनंतर माझा ठाम समज झाला आहे. या समजाला बँकेने आजवर काडीचेही महत्त्व दिलेले नाही, कारण कर्ज मंजूर करणारे साहेब आत केबिनमध्ये असतात आणि मी बाहेर काउंटरवर. बदली नको म्हणून प्रमोशन नाकारता नाकारता मी काउंटरवरच चाळिशी ओलांडली. पण समज तो समज! अशा माणसाला एका वीतभरही नसलेल्या धातूच्या डबीने साफ फसवावे, हे माझ्या बी.कॉम.ला शोभणारे नाही. त्या डबीला हार्ड डिस्क म्हणतात.

ही डबी २०११ साली आमच्या डोंबिवलीच्या घरात कॉम्प्युटरच्या पोटात बसून आली. पुढच्या बारा वर्षांत आम्ही तिच्या स्वाधीन काय काय केले! चिरंजीवांचे बारशापासूनचे फोटो, गृहकर्जाच्या हप्त्यांचे तक्ते, इन्कम टॅक्सचे कागद, आणि आईचा आवाज.

आईचा आवाज म्हणजे दोन रेकॉर्डिंगे. २०१४ च्या दिवाळीत नवा मोबाइल घेतला होता, तो चालतो की नाही हे बघायला मी आईला बोलते केले. एकात तिने लिंबाच्या लोणच्याची कृती सांगितली. दुसऱ्यात, बरेच आढेवेढे घेऊन, तिच्या आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. मी दोन्ही कॉम्प्युटरवर चढवली आणि मोबाइलमधली जागा मोकळी केली. २०१८ साली आई गेली. त्यानंतर मी ती रेकॉर्डिंगे एकदाही ऐकली नाहीत. मुदत ठेव कशी, आहे एवढे समाधान पुरते, मोडायची नसते, तसेच हे.

२०२३ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी कॉम्प्युटरच्या खोलीतून आवाज येऊ लागला. टक्... टक्... टक्.

"पाल चुकचुकली," सौ. म्हणाली आणि टेबलावर बोट आपटून "कृष्ण कृष्ण" म्हणाली. निदान चुकले, पण उपचार बरोबर होता. मी मात्र रेडिओच्या संस्कारात वाढलेला माणूस. मी कॉम्प्युटरला आधी डावीकडून चापट मारली, मग उजवीकडून. मग बंद करून चालू केला. असे एकूण आठ-दहा वेळा केले. शेवटी ठाण्याला राहणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो याच धंद्यात आहे.

"मामा, हात लावू नकोस! आधी बंद कर!"

"अरे, पण बघतो ना, चालू होतो का—"

"तू प्रत्येक वेळी चालू करतोस ना, तेव्हा आत रंधा फिरतो."

मग त्याने मला आतली रचना समजावली. आत चकचकीत तबकड्या असतात आणि त्या मिनिटाला ७२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा गरगर फिरतात. त्यांच्यावर वाचणारे डोके तरंगत असते. टेकत नाही, तरंगते! मधले अंतर काही नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातला जेमतेम एखादा. हे डोके बिघडले की ते जागा शोधत पुढे जाते, सापडली नाही की परत येते, पुन्हा जाते. तोच तो टक् टक् आवाज. ते तबकडीला घासले तर अक्षरे खरवडून निघतात. आणि मी त्या तबकडीला चापट्या मारत होतो!

शेजारच्या वकिलांनी दुसरा इलाज सांगितला. डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची. मी ती मटारांशेजारी ठेवलीही. भाच्याला कळले तेव्हा तो फोनवर बराच वेळ बोललाच नाही. बाहेर काढल्यावर आत दव धरते आणि उरलेसुरले तेही जाते, हे त्याने नंतर सांगितले. सौ.ने डिस्क फ्रीजरबाहेर काढली ती मात्र मटारांना जागा हवी म्हणून. ती तशीच कोरडी होऊ दिली, पुन्हा जोडली नाही.

माहिती परत काढून देणारी माणसे असतात. त्यांच्याकडे धुळीचा कणही नसलेली खोली असते, तिथे डबी उघडून डोके बदलतात. त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या दीड पगाराएवढा होता. "आणि खात्री?" मी विचारले. "प्रयत्न करू," ते म्हणाले. थकीत कर्जाबद्दल आमचा वसुली विभाग अगदी याच सुरात बोलतो.

डिस्क कपाटात ठेवली आणि नवी घ्यायला भाच्याबरोबर लॅमिंग्टन रोडला गेलो. आता मात्र मी एकच प्रश्न धरून बसलो होतो: सगळ्यांत विश्वासू डिस्क कोणती?

दुकानदाराने उलट विचारले, "साहेब, कशाला पाहिजे? सीसीटीव्हीला, घरच्या कॉम्प्युटरला, की ऑफिसला?" दिवसरात्र नुसते लिहीत राहणारी डिस्क वेगळी आणि घरी चारदा उघडझाप होणारी वेगळी, हे मला तेव्हा कळले. मग त्याने एसएसडी काढली. हिच्यात काही फिरत नाही, म्हणून घासतही नाही. कॉम्प्युटर बटण दाबताच उठून उभा राहतो. मात्र हिच्यातले कप्पे लिहून लिहून झिजतात. एक टीबीच्या बऱ्याच एसएसडींना एकूण सहाशे टीबी लिहिण्यापर्यंतची हमी असते. मी तिथेच पाकिटावर हिशेब मांडला. रोज २० जीबी लिहिले तर वर्षाला ७.३ टीबी, म्हणजे ८२ वर्षे पुरेल. तोपर्यंत मी सव्वाशे ओलांडलेली असेल. मी खूश झालो.

"पण मामा, ही झिजून क्वचितच मरते," भाचा म्हणाला. "आतली चिप गेली की एका क्षणात जाते. टक्सुद्धा म्हणत नाही. आणि वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवलीस, तर लिहिलेले विसरूही शकते."

फिरणाऱ्या डिस्कच्या माहितीपत्रकात 'बिघाडापूर्वीचे सरासरी तास : दहा लाख' असे होते. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे! पण तो आकडा एका डिस्कच्या आयुष्याचा नसतो, हजारो डिस्कांच्या कळपाचा असतो, हे विमा एजंटाच्या तावडीत सापडलेल्या कोणालाही समजावे. सरासरी आयुर्मान कितीही असो, हप्ता चुकलेला माणूस नेमका त्याच महिन्यात जातो. पुढे तीन वर्षांची वॉरंटी छापली होती. नीट वाचले तेव्हा कळले, की डिस्क गेली तर नवी डिस्क मिळेल, आतल्या मालाची जबाबदारी कंपनीची नाही. म्हणजे वॉरंटी बरणीची, लोणच्याची नाही.

"साहेब, कुठलीही घ्या," दुकानदार शेवटी कंटाळून म्हणाला, "पण दोन घ्या."

मला हा विक्रीचा डाव वाटला. पण भाचा मान हलवत होता. "दोन घे, आणि एकाच कंपनीच्या एकाच लॉटमधल्या घेऊ नकोस. जुळ्या भावंडांना गोवर एकदमच येतो." मग मीही बँकेतली अक्कल चालवली. दोन डिस्का एकाच कॉम्प्युटरात बसवाव्या, एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटावे, अशी सोय असते म्हणे. ती करू.

"मामा, ते जॉइंट अकाउंट झाले. एकाने पैसे काढले की दोघांचे गेले. एक फाइल चुकून पुसलीस की दोन्हीकडची पुसली जाणार. मला तुझे वेगळ्या शाखेतले दुसरे खाते हवे आहे."

आणि इथे मी वरमलो. कारण आमच्या बँकेत स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात, त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात, आणि त्या किल्ल्यांचा दुसरा जोड आमच्या शाखेत नव्हे, दुसरीकडे ठेवलेला असतो. शाखेला आग लागली तर तो जोडही जळू नये म्हणून. लोकांच्या पैशांसाठी मी हे सगळे वीस वर्षे इमानेइतबारे पाळले. एका सहीवर दहा रुपयेही कधी सोडले नाहीत. आणि आईचा आवाज मात्र एका डबीत, एका खोलीत, एका सहीवर.

एसएसडी आणि फिरणारी बाहेरची डिस्क अशी एकेक घेऊन घरी आलो. एक टीबीच्या डिस्कमध्ये कॉम्प्युटर ९३१ जीबीच दाखवीत होता. कॅश कमी भरलेल्या कॅशियरसारखा मला घाम फुटला. खुलासा असा, की कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत. जुन्या सावकाराकडे देण्याचा शेर वेगळा आणि घेण्याचा वेगळा असे, त्यातलाच प्रकार. १९५६ साली आयबीएमने पहिली डिस्क बाजारात आणली, तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि मावत होती पन्नास लाख अक्षरे. आईचे लोणचेसुद्धा त्यात पुरते मावले नसते. तेव्हा ६९ जीबीसाठी भांडू नये.

पण या भरपूर जागेत ठेवायचे काय? टॅक्सचे कागद पुन्हा मिळाले. फोटो नातेवाइकांच्या मोबाइलमधून गोळा केले. आवाज कुठून आणणार? मी तसाच रिकाम्या पडद्यासमोर बसलो होतो. सौ. आली.

"अहो, लोणच्याचं रेकॉर्डिंग ताईंकडे आहे ना."

"कुठल्या ताई?"

"तुमच्याच! कराडच्या! सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला त्यांनी कृती मागितली होती. मी पेनड्राइव्हवर घालून दिलं. तुम्हीच म्हणालात, घरात एक आहे ना, मग आणखी कशाला?"

मी तसे म्हणालो असणार. मी बऱ्याच गोष्टींना तसे म्हणतो.

ताईने पेनड्राइव्ह देवघरातल्या डब्यात, हळकुंडांबरोबर ठेवला होता. चार दिवसांनी तो कुरिअरने आला. पाच वर्षांनी आईचा आवाज ऐकला. लिंबं चार डाग नसलेली घ्यावीत, पुसून कोरडी करावीत, मीठ हात आखडून घालू नये, असे सगळे क्रमाने. आणि मग ती म्हणाली, "आणि हे बघ, सगळं लोणचं एका बरणीत भरायचं नाही. एक बिघडली तर वर्षाचं जातं. एक लहान काचेची हाताशी ठेवायची, मोठी चिनी मातीची माळ्यावर, आणि एक ताईकडे पाठवायची. ओला चमचा घालू नको. आणि मधूनमधून उघडून बघत जा. नुसतं बांधून ठेवलं म्हणजे टिकतं असं नाही."

भाचा तेव्हा घरीच होता. तो म्हणाला, "मामा, ही तर थ्री-टू-वन!" पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने हा नियम लोकप्रिय केला म्हणे: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. आईने तो काच, चिनी माती आणि कराड यांच्यावर बसवला होता. मी तो स्वतः रेकॉर्ड केला होता, आणि ऐकला नव्हता.

आता आमच्याकडे आईच्या पद्धतीने कारभार चालतो. एक प्रत कॉम्प्युटरातल्या एसएसडीवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक कराडला. बाहेरची डिस्क काम झाले की आधी पडद्यावरून रीतसर निरोप देऊन मगच उपसतो आणि कपाटात ठेवतो. वीज गेली तर अर्ध्या लिहिण्यात डिस्क मरू नये म्हणून यूपीएस घेतला. शिवाय डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंदवही ठेवते हेही कळले. खराब झालेला कप्पा रद्द करून राखीव कप्पा वापरला, की ती तशी नोंद करते. खाडाखोड करून शेजारी सही केल्यासारखे! ती वही दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे. खाडाखोडी वाढू लागल्या की डिस्क बदलायची. नवी म्हणून घेतलेली डिस्क खरोखर नवी आहे का, हेही त्याच वहीतल्या कामाच्या तासांवरून कळते. सगळ्याच डिस्का आधी तक्रार करतात असे नाही, पण करणाऱ्यांची निदान वाचावी.

ओव्या मात्र पेनड्राइव्हवर नव्हत्या. ताईने लोणचेच मागितले होते, सौ.ने लोणचेच दिले. ओव्या त्या जुन्या डबीत आहेत. ती मी फेकलेली नाही. दर महिन्याला थोडे बाजूला टाकतो आहे. दीड पगार जमला की तिला त्या बिनधुळीच्या खोलीत पाठवणार आहे. आमच्या वहीत अशा खात्याला 'संशयित' म्हणतात. 'बुडीत' नव्हे.

तोवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ताळा जुळवतो. प्रत आहे एवढे पुरत नाही, ती वाजते की नाही हे बघावे लागते. म्हणून मी लोणचे सुरू करतो आणि शेवटपर्यंत ऐकतो. शेवटी आई म्हणते, "झालं ना तुझं? बंद कर ते आता, आणि जेवायला चल."

मी बंद करतो, आणि जेवायला जातो.