दोघांचा माळा

डांबरगोळ्यांचा वास परवा जिन्यात आला आणि 2020 चा एप्रिल डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या वर्षी गुढीपाडवा 25 मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देशाची दारं बंद झाली. पासष्टीच्या पुढच्या माणसांनी घरातच राहावं, हे नंतरच्या सरकारी आदेशांत पुन्हा पुन्हा येत राहिलं. सकाळचं फिरणं गेलं, कट्टा गेला, भजनी मंडळ, भिशी, वाचनालय, देऊळ, सगळं गेलं. मुलं दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात, आणि फोनवर एकच सांगणं: आराम करा. अशा वेळी शेकडो घरांत निवृत्त जोडप्यांनी स्टूल ओढलं आणि माळा काढायला घेतला. कुणी बिजागऱ्यांना तेल घातलं, कुणी कुंड्यांची माती बदलली, कुणी खिडक्या घासून रंगवल्या. पण फिरून फिरून सगळे माळ्याशीच पोचले. त्या वर्षाच्या आठवणी निघतात तेव्हा टाळ्या-थाळ्या निघतात, ‘रामायणा’चं पुनःप्रक्षेपण निघतं, आणि म्हाताऱ्यांच्या आवराआवरीची नोंद ‘वेळ घालवला’ एवढ्यावर मिटते. हे मला पटत नाही. माझ्या मते निवृत्तीनंतर नवराबायकोने मिळून करायच्या कामांत माळा काढण्याइतकं महत्त्वाचं दुसरं काम नाही. ते दोघं आहेत तोवरच नीट होतं, आणि एरवी ते वर्षानुवर्षं पुढे ढकललं जातं. त्या भयंकर वर्षाने ते करवून घेतलं.

माळ्यावर काय असतं ते मराठी घरांना सांगायला नको. तरी एक वस्तू जवळून पाहावी: लग्नातल्या आहेराचा स्टीलचा डबा. त्याच्या कडेला बारीक ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं, देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, खाली तारीख. ठिपके काळे पडलेले, एखादं अक्षर झिजून गेलेलं. नवरा चष्मा वर करून नाव वाचतो आणि म्हणतो, हे कोण? बायको न बघता सांगते: तुमच्या आत्याचे दीर, लग्नात पंगतीला वाढायला उभे होते ते. मग त्याला त्या दिरांनी पुढे कधीतरी नोकरीसाठी टाकलेला शब्द आठवतो, जो तिला कधी कळलाच नव्हता. डबा एक, पण त्याची हकीकत दोघांत वाटून ठेवलेली. ट्रंकेतल्या शालूचंही तसंच. घडी वेळोवेळी बदलली नाही तर जर घडीवरच चिरते, हे तिला ठाऊक असतं. तो घेताना कुणाकडून किती उसने घेतले, हे त्याला. माझा सगळा युक्तिवाद या डब्यावर उभा आहे. संसारातल्या जुन्या वस्तूला दोन साक्षीदार असतात. दोघं समोर असली की ती वस्तू कुणाला द्यायची, मोडीत घालायची, का ठेवायची, याचा निवाडा होऊ शकतो. एक गेलं की तोच डबा स्मारक होतो. मग तो टाकवत नाही आणि वापरवतही नाही. आणि तिसरा माणूस आवरायला आला तर त्याच्या लेखी ते नुसतं वजनावर जाणारं स्टील असतं.

वेळच होता म्हणून केलं, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण रिकामा वेळ निवृत्तीनंतर कितीतरी वर्षं असतोच, तरी माळा तसाच राहतो. 2020 मध्ये वेळेच्या जोडीला दोन गोष्टी आल्या. एक भीती. रोज कुणाच्या तरी जाण्याची बातमी येत होती, आणि आपण दोघं आहोत हे गृहीत धरता येत नव्हतं. दुसरी गोष्ट अगदी व्यवहारातली: भंगारवाला आणि रद्दीवाला यायचे बंद झाले होते. एरवी माळा काढला की संध्याकाळपर्यंत हातगाडी भरून माल रवाना होतो आणि रात्री हळहळ सुरू होते. त्या वर्षी टाकायचं म्हणून काढलेलं सामान आठवडेच्या आठवडे बाहेरच्या खोलीत पडून राहिलं. वातीचा स्टोव्ह, पाळण्याच्या कड्या, तांब्याचा बंब, मुलांची दप्तरं, दिवाळी अंकांचे गठ्ठे, सगळ्यांतून वाट काढत चहा घ्यायचा. येता-जाता दिसत राहिल्यामुळे फेरविचार झाला. काल टाकायच्या ढिगात असलेली वस्तू आज ठेवायच्या ढिगात गेली आणि परवा पुन्हा परत आली. प्रत्येक वेळी कारण द्यावं लागलं, समोरच्याला पटवावं लागलं. अशा कामाला विरंगुळा म्हणणं म्हणजे त्यातल्या कष्टाचा आणि विचाराचा अपमान आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: हे अभद्र आहे. जिवंत माणसांनी मागची निरवानिरव का करायची? आपल्याकडे हा विषय काढला की बोलणं लगेच दुसरीकडे वळवतात. पण घरातली साठवण कुणीतरी उघडणारच असते; प्रश्न एवढाच, की कोण आणि कसं. पुण्याला याचा जुना अनुभव आहे. 1897 च्या प्लेगमध्ये प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. रोगी शोधायचे म्हणून माजघरापर्यंत गेले, सामान बाहेर काढलं, संशय आला ते जाळलं, जमिनी उकरल्या, भिंतींना चुना मारला. रोग खरा होता आणि सफाईची गरजही खरी होती. तरी शहर पेटलं ते घराची साठवण परक्या हातांनी उपसली म्हणून. 22 जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यामागच्या संतापाचा मोठा भाग याच घरझडत्यांचा होता. त्याच 1897 सालचा साथरोग कायदा महाराष्ट्राने 2020 च्या मार्चमध्ये पुन्हा लागू केला. या वेळी कुणी माजघरात शिरलं नाही, आणि ज्यांनी घर भरलं त्यांनीच ते आपल्या हातांनी उघडलं. हा फरक लहान नाही.

आणि काही घरं वाऱ्याने उघडली. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर आलं, ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा घेऊन. रायगडात आणि खाली दापोली-मंडणगडापर्यंत कौलं आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. कोकणातल्या अशा कितीतरी घरांत वर्षभर दोनच माणसं असतात: नोकरी संपवून मुंबईहून परत आलेला चाकरमानी आणि त्याची बायको. कोकणातला माळा म्हणजे फ्लॅटमधला सिमेंटचा कप्पा नव्हे. तो कौलांच्या थेट खाली असतो, म्हणून छप्पर गेलं की पहिला पाऊस माळ्यावरच पडतो. पाऊस तोंडावर, वाहतूक बंद, कौलं आणि पत्रे मिळेनात, गवंडी मिळेना; अशा वेळी ताडपत्री बांधून आधी काय खाली घ्यायचं, हे त्या दोघांनाच ठरवावं लागलं. तिथे आवरण्याचा शौक नव्हता आणि फेरविचाराला फुरसत नव्हती. तरीही भातबियाणं आणि कागदपत्रं कुठल्या कोपऱ्यात आहेत हे अंधारात ठाऊक असणारी माणसं घरात होती, म्हणून ते सामान वाचलं. साठवणीची माहिती दोन जिवंत माणसांच्या डोक्यात असण्याची किंमत अशा वेळी कळते.

यावर स्त्रियांच्या बाजूने एक प्रश्न येतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. नवरा निवृत्त होतो, बायको कधी होते? त्याने माळा काढला तर तो ‘प्रकल्प’, तिने चाळीस वर्षं रोज घर काढलं त्याला नाव नाही. 2019 साली देशात झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे पाहा: घरातल्या बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रीची दिवसाला 299 मिनिटं जात होती, पुरुषाची 97, आणि मुळात असं काही काम करणारे पुरुष शंभरात 26 होते, स्त्रिया 81. टाळेबंदीत कामवाल्या बायका येऊ शकत नव्हत्या तेव्हा पुष्कळ पुरुषांनी झाडू आणि भांडी हातात घेतली, आणि आता काहीतरी बदललं असं वाटलं. पण 2024 च्या सर्वेक्षणात पुरुषांची मिनिटं 88 वर आली. म्हणजे ती सवय टिकली नाही. मग माळ्याचं कौतुक का करायचं? कारण इथे ज्ञान कुणाकडे आहे हे लपत नाही. स्टुलावर तो चढतो, पण कशात काय आहे आणि ते का ठेवलं आहे हे तिला विचारल्याशिवाय त्याचं पान हलत नाही. निवृत्तीपर्यंत ज्या घराला तो आपलं म्हणत आला, त्या घराची मांडणी तिची होती हे त्याला तिथे हाताला लागतं. एवढ्याने न्याय होत नाही. तो रोजच्या 299 मिनिटांतच व्हायला हवा. पण ज्याला कामाचा आवाका कळलेलाच नाही तो वाटा उचलणार कसा? माळा काढणाऱ्या पुरुषाने दुसऱ्या दिवशी सकाळची भांडी घासली नाहीत, तर त्याला माळ्यावरचं काहीच कळलं नाही असं मी म्हणेन.

जुनं टाकू नये, त्यात इतिहास असतो, असंही सांगितलं जातं, आणि ते खरं आहे. इतिहाससंशोधक राजवाडे घरोघर हिंडून दप्तरं मिळवत राहिले, त्यातून 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने बाहेर आली. वाड्यांतल्या त्या रुमालांचं मोल घरच्यांना उरलं नव्हतं. दिनकर केळकर यांनी तर दिवे, अडकित्ते, भांडी, दारं अशा घरगुती वस्तूंचंच पुण्यात अख्खं संग्रहालय उभं केलं, पत्नी कमलाबाईंच्या साथीने, गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने. ते संग्रहालय पाहताना मन भरून येतं आणि एक खंतही वाटते. अडकित्ता घोड्याच्या आकाराचा आहे हे दिसतं; तो कुणी कुणाला का दिला, हे पुष्कळदा कायमचं गेलेलं असतं. राजवाड्यांशी निदान कागद बोलत होते. वस्तू बोलत नाही, तिच्यासाठी माणसाला बोलावं लागतं. म्हणून माझं म्हणणं सगळं ठेवा असं नाही आणि सगळं टाका असंही नाही. वस्तू जाऊ द्या, हकीकत आधी उतरवून घ्या. डब्यावरचं नाव वाचून एका वहीत चार ओळी लिहिल्या की डबा खुशाल मोडीत जावा.

हे सगळं स्वतःचं घर आणि पेन्शन असणाऱ्यांचे चोचले आहेत, हा आक्षेप मी टाळणार नाही. त्याच एप्रिल-मे महिन्यात ज्यांनी शहरांतली घरं रंगवली, फर्निचर केलं, ते सुतार-रंगारी पायी आपापल्या गावांकडे निघाले होते. बी.डी.डी. चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत माणसांनाच जागा अपुरी, तिथे ढीग कुठे मांडणार? पण साठवण तिथेही असते: पलंगाखालची ट्रंक, फळीवरचं बोचकं, आणि ती भरणारी दोन माणसंही असतात. जागा कमी असेल तिथे निवाडा उलट अधिक वेळा करावा लागतो. पडण्याच्या धोक्याचं म्हणाल तर तो खराच आहे. साठीनंतर जीवघेण्या पडण्याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. पण फोनवरून ‘शिडीवर चढू नका’ सांगणाऱ्या मुलांवर माझा राग आहे तो याचसाठी, की चढायला ती स्वतः येत नाहीत. सुट्टीत घरी आल्यावर चार दिवस काढून स्टुलावर मुलाने किंवा सुनेने उभं राहावं, आईबापांनी खाली खुर्चीत बसून सांगावं, आणि नातवंडांपैकी कुणी लिहून घ्यावं. आराम करा म्हणण्यापेक्षा हे कितीतरी मायेचं आहे.

एवढं म्हटल्यावर ज्यांचं दुसरं माणूस त्या वर्षी गेलं त्यांच्यापाशी येऊन थांबावंच लागतं. 2020 मध्ये आणि त्याहून अधिक 2021 च्या उन्हाळ्यात, कित्येक घरांत काढलेला माळा अर्धाच राहिला. आपल्याकडे नवरा सहसा वयाने मोठा, म्हणून मागे राहणारी बहुतेकदा बायकोच. माझाच युक्तिवाद तिला लावला तर तो कठोर होतो: साक्षीदार गेला, आता निवाडा नाही. पण लिहिता लिहिता मला वाटू लागलं आहे की दुसऱ्या साक्षीदाराला वस्तूची हकीकत आधीपासून माहीत असलीच पाहिजे असं नाही. त्याने ती विचारली पाहिजे आणि शेवटपर्यंत ऐकली पाहिजे. बहीण, शेजारीण, जुनी मैत्रीण, कामाला येणारी मावशी, कुणीही समोर बसून ‘हे कुणी दिलं?’ विचारलं की डब्याला पुन्हा दोन माणसं मिळतात. 2011 च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठी ओलांडलेली माणसं 1 कोटीच्या वर होती, आज त्याहून पुष्कळ जास्त आहेत. आपण त्यांना औषधं पोचवतो, डबे पोचवतो, आणि ते करायलाच हवं. त्याच्या जोडीला, एकट्या माणसाच्या माळ्याशेजारी दोन दुपारी बसणं हे शेजारधर्मात धरलं जावं. त्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहू नये.