हक्कसोड

वडिलांचे दिवस झाले की महिन्याभरात भाऊ यायचा. "ताई, तेवढं एकदा तालुक्याला यायला लागतंय." आम्ही ठेवणीतली साडी नेसून जायचो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर लिंबाखाली दस्तलेखक हक्कसोड पत्र वाचून दाखवायचा, 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय', आणि आम्ही मान हलवायचो. अंगठ्याची जांभळी शाई केसांत पुसायची. मग खानावळीत जेवण, भावाकडून साडीचोळी आणि संध्याकाळच्या एसटीने सासरी.

आता भाची सहीआधी फोनवर निकाल उघडते. विनीता शर्मा खटला, ११ ऑगस्ट २०२०. मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच वाटेकरी आहे, कायदा बदलला त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी तिचे वडील हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं. कायद्यातली ओळ २००५ चीच. पण २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने त्याच ओळीचा अर्थ लावला होता, की त्या दिवशी बाप जिवंत हवा. मधल्या पाच वर्षांत किती लेकींचा वाटा बापाच्या मृत्यूच्या तारखेवर लटकून राहिला असेल! समानता घटनेत १९५० पासून आहे. सातबाऱ्यापर्यंत तिला चालत यावं लागलं.

आमच्या घरात तर तारखेने बहिणी-बहिणींतच रेघ ओढली. आक्काचं लग्न १९९१ चं, माझं १९९५ चं. महाराष्ट्राने २२ जून १९९४ ला मुलींना सहदायाद केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. एका आईच्या दोन लेकी. मला जन्माचा हक्क, तिला वडिलांच्या वाट्यातला तुकडा. आम्हाला दोघींनाही हे ठाऊक नव्हतं. २००१ साली आम्ही एकाच कागदावर सह्या केल्या. नोंदवलेला तो कागद २०२० च्या निकालानेही उघडत नाही.

तरी खरं सांगते, मला त्या दिवसांची ओढ लागते. संक्रांतीच्या सुमारास भाऊ एसटीच्या टपावरून तांदळाचं पोतं उतरवायचा. तोंड सुतळीने शिवलेलं, टाके आईच्या हातचे, तिरपे. सुतळी न कापता आम्ही ती टाका-टाका उसवायचो आणि गुंडाळून फडताळात ठेवायचो. ते पोतं कुणी मागितलेलं नसायचं, म्हणून त्याचा भात गोड लागायचा.

पण त्या गोडव्यापोटी मी खोटं बोलणार नाही. राजीखुशीखाली भीती होती, सही नाही केली तर माहेर तुटेल. आमची एक आत्या नवऱ्याने टाकल्यावर माहेरी परत आली. जिथे तिचा जन्म झाला त्या घरात ती तीस वर्षं मागच्या पडवीत निजली, आणि डब्यातली साखर घेतानाही वहिनीला विचारायची. तिला पोतं नको होतं. तिला वाटा हवा होता, आणि तो शब्द उच्चारायची तिची हिंमत झाली नाही.

आज हिंमत आहे, वकील आहे, उतारा फोनवर दिसतो. आणि काही घरांत वाटणीच्या दाव्याची नोटीस दिवाळीच्या आधी पोहोचते, भाऊबीजेचं ताट कोरडं राहतं. तेव्हा बहीण गप्प बसली की नातं टिकायचं, आता बहीण बोलली की ते जोखलं जातं. मला हे आताचं बरोबर वाटतं, आणि त्या ताटाकडे पाहवतही नाही.

गेल्या वर्षी भावाने वाटणीपत्र केलं. मुलाइतकाच मुलीला वाटा, विहिरीच्या पाण्यातही. त्याच कचेरीत भाचीने काचेच्या यंत्रावर अंगठा टेकवला, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि उठली. मी सवयीने तिचा हात ओढला आणि अंगठा माझ्या केसांकडे नेला.

"आत्या, शाई नसते आता," ती म्हणाली. हात मात्र तिने काढून घेतला नाही.