सेल्फच्या मागचे तीन बोल्ट

जुन्या गाडीचं दुखणं आधी कानाला कळतं. सेल्फचं बटण दाबलं की मोटर गुंईऽ करून फिरते, इंजिन मात्र जागचं हलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला एकदम पकड लागते आणि गाडी चालू होते. बंद करताना डाव्या कव्हरच्या आतून 'खडाक्' असा ठोका येतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी त्या ठोक्यावरच दुखणं ओळखलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कव्हरला टेकवलं, मूठ कानाला लावली, मला गाडी चालू-बंद करायला सांगितली आणि म्हणाले, "क्लच चांगला हाय. बोल्ट ढिलं झाल्यात."

हा क्लच म्हणजे गिअर टाकताना दाबतो तो नव्हे. मॅग्नेटच्या पाठीला बसवलेली ही एकाच दिशेची पकड. आत तीन रोलर आणि प्रत्येकामागे एक बारकी स्प्रिंग. स्टार्टर मोटर गिअर फिरवू लागली की रोलर निमुळत्या खाचेत अडकतात आणि क्रँकला ओढून नेतात. इंजिन स्वतःच्या बळावर पळू लागलं की तेच रोलर सुटे होतात. नाहीतर इंजिननं त्या लहानशा मोटरला फरफटत नेलं असतं. कामापुरतं घट्ट धरायचं आणि काम झालं की सोडून द्यायचं, हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो. हा सगळा संसार मॅग्नेटला धरून असतो तो तीन एलन बोल्टांवर.

बोल्ट ढिला पडला की आपण म्हणतो, आवळताना जोर कमी पडला. पण नीट आवळलेला बोल्ट किंचित ताणलेला असतो आणि तो ताणच दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं १९६९ साली दाखवून दिलं, की बोल्टला खरा धोका आडव्या हादऱ्यांचा. जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की आट्यांमधलं घर्षण हरतं आणि बोल्ट आपोआप उलटा फिरायला लागतो. स्टार्टर क्लचला बसणारे धक्के नेमके त्याच जातीचे.

उद्यमनगराला हादऱ्यांची ओळख जुनी आहे. शेताला पाणी पाजणारी ऑइल इंजिनं या शहरानं घडवली. वाय. पी. पोवार, म्हादबा मेस्त्री ही नावं इथे आजही आदरानं घेतली जातात. मळ्यातलं एका सिलिंडरचं इंजिन अख्खा पाया हादरवायचं, आणि ऐन वेळी बोल्ट सुटला की पाण्याची पाळी चुकायची. त्या धाकातून शिकलेले हात पुढे मोटरसायकलींकडे वळले.

मिस्त्रींनी पुलर लावून मॅग्नेट काढला. हातोड्याला मनाई, कारण ठोक्यानं आतली चुंबकं तडकतात. एका बोल्टचं डोकं घासून चकचकीत झालं होतं. तो पुरता सुटला असता तर आत फिरत कॉइलच्या तारा खरवडून गेला असता. अशा वेळी 'पूर्ण असेंब्ली बदला' हा सल्ला सर्रास मिळतो. मिस्त्रींनी रोलर बोटांत फिरवून पाहिले, कुठे चपटे झाले नव्हते, परत बसवले. बोल्ट तेवढे नवे आणले, डोक्यावर १२.९ कोरलेले. त्यातला १२ म्हणजे ताकद १२०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. पुढचा ९ म्हणजे त्याच्या ९० टक्के ताणापर्यंत बोल्ट पुन्हा मूळ लांबीवर येतो.

खरा वेळ गेला तो आटे पुसण्यात. जुना चिकट थर टोकरून काढला, तेलाचा अंश राहू नये म्हणून पुन्हापुन्हा धुतलं, हवा मारली. मग लॉकटाइटचा एकेक थेंब. हे द्रव्य अमेरिकेतले रसायनाचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली तयार केलं. हवा लागते तोवर ते पातळ राहतं. धातूच्या सांदीत हवा मिळेनाशी झाली की घट्ट होतं. म्हणूनच बाटली कधी काठोकाठ भरत नाहीत. टॉर्क पाना पुस्तकातल्या आकड्यावर लावून मिस्त्रींनी बोल्ट आळीपाळीनं आवळले. 'टक्' झालं की हात थांबला, वर एक इंचही नाही. घट्ट व्हायला रात्रभर गाडी तिथेच ठेवली.

सकाळी इंजिन पहिल्या दाबाला चालू झालं, बंद करताना ठोका नाही. मिस्त्रींचं लक्ष मात्र बॅटरीवर होतं. मीटर लावून त्यांनी मला सेल्फ मारायला सांगितला आणि पडणारा व्होल्टेज दाखवला. बॅटरी मरतुकडी असली की मोटर हळू फिरते, पिस्टन वरपर्यंत चढत नाही, तेवढ्यात ठिणगी पडून क्रँक उलटा झटका देतो. तो झटका क्लच झेलतो आणि बोल्ट सोसतात. "बोल्टचा काय गुन्हा न्हाई," ते म्हणाले, "आधी बॅटरी आणा, मगच गाडी न्या."